सुटलेले नंबर

एकतीस वर्षं नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात
मी करकरीत कागदांचे नंबर तपासले.
क्रम कुठे तुटला की बोट आपोआप थांबतं,
डोळ्याच्याही आधी.

म्हणून उपासाच्या दिवशी पाळक म्हणाले,
प्रिस्काबाई, ती यादी तुम्हीच वाचा.
नावं अवघड आहेत, पोरं अडखळतात.

डिसेंबर. बाहेर अवकाळी.
जेल रोडच्या त्या पत्र्यावर पाऊस असा
की भालेराव पाळकांना देवाशी ओरडून बोलावं लागत होतं.
दिंडोरीकडे मणी तडकत असतील, कोणीतरी कुजबुजलं.
कोणीतरी त्याला दटावलं, आज पापांचा दिवस.

तिकडेही पाऊसच होता.
बंदिवासातून परतलेली माणसं
मंदिरापुढच्या चौकात बसलेली,
थरथरत, अर्धी भीतीनं, अर्धी गारठ्यानं.
शास्त्री म्हणाला, परक्या बायका सोडा.
ते म्हणाले, सोडतो, पण पाऊस फार आहे,
आणि हे काही एका-दोन दिवसांचं काम नाही.
मला इथे नेहमी हसू येतं.
आमची युनियन अशीच बोलायची.
मग कमिटी बसली. तीन महिने.

मी वाचू लागले.
आधी याजक, मग गवई, मग द्वारपाळ, मग बाकीचे.
शंभरावर पुरुष,
ज्याचं त्याचं कूळ जागच्या जागी.
सातव्या-आठव्या नावाला बोट थांबलं.
एक नंबर आहे, त्याला लागून असायला हवा तो नाही.
पुढे पुन्हा तेच.
त्या बायका कुठे आहेत?
कोणत्या वाटेनं गेल्या, लेकरू कडेवर की बोटाला,
पाऊस उघडेपर्यंत तरी थांबू दिलं का?
शेवटी एवढंच, की काहींना मुलंही होती.

छापखान्यात असा गठ्ठा पुढे जात नाही.

मग कबुली. सगळे उभे.
आमच्या बापजाद्यांनी पाप केलं, आम्हीही केलं.
आम्ही हा शब्द केवढा मोठा मांडव आहे,
त्याखाली कोणालाच भिजावं लागत नाही.

एक्क्याऐंशी साली आमचीही कमिटी बसली होती.
माझ्या भावानं, शांतवनदादानं, सिन्नरची बायको केली होती.
ती खंडोबाची तळी उचलायची, बाप्तिस्मा नको म्हणाली.
मंडळी शुद्ध करायची होती, नवा उत्साह होता.
मी एकोणीस वर्षांची, अक्षर चांगलं.
ठराव मीच लिहिला.
सकाळी डबाही मीच भरला,
मेथीची भाजी, तीन भाकरी,
जणू ती आठवडाभर माहेरपणाला चालली होती.
एसटीच्या खिडकीतून तिनं डबा परत द्यायला हात काढला,
की निरोपाला,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळे बसले. मी बसले नाही.
म्हटलं, यादीत अजून एक नंबर आहे.
कौसाबाई, राहणार सिन्नर.
आणि तिचं बाळ.
आणि आम्ही नाही. मी.

पत्र्यावर पाऊस. कोणी आमेन म्हणेना,
आमेन कुठे म्हणायचं ते छापलेलं नव्हतं.

मागच्या बाकावरून शांतवनदादा उठला,
कानातलं यंत्र नीट बसवत.
बाळाचं नाव वाच, म्हणाला.
मी म्हटलं, रजिस्टरात तिथे कोरी जागा आहे.
कोरी नाही, तो म्हणाला. खोडलेली आहे.
तूच खोडलंस, ब्लेडनं, हलक्या हातानं.

मग तो छत्री शोधू लागला.
पाऊस उघडू दे, म्हणाला,
पान उजेडाकडे धरलं की दिसेल.
तुला सांगायला नको.